लेडीज हॉस्टेलातली रिव्हिजन

ऐंशी साल उलटून गेलं होतं आणि मी धारवाडला विद्यापीठात एम.एस्सी. करत होते. विषय वनस्पतिशास्त्र. घर हुबळीला, दुर्गदबैलात. खाली कापडाचं दुकान, वर आमचं भलंमोठं कुटुंब. हुबळी ते धारवाड बसनं तासाभराचासुद्धा रस्ता नाही, तरी अप्पांनी मला हॉस्टेलवर ठेवलं, आणि त्याचं कारण तिथल्या रेक्टरबाई. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी अप्पांनाच सुनावलं होतं, "चपला बाहेर झटकून या, आत्ताच फरशी पुसलीय." अप्पा निमूट चपला झटकून आले आणि मला हळूच म्हणाले, "इथं तुझी काळजी नाही."

या रेक्टरबाईंना आम्ही अक्कोरू म्हणायचो. आमच्या भागात शिकवणाऱ्या बाईला तसंच म्हणतात. वय पन्नाशीपलीकडचं, लग्न केलेलं नाही, खळ घातलेली सुती साडी, आणि किल्ल्यांचा जुडगा असा की त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर असल्या तरी वरच्या मजल्यावरचे ट्रान्झिस्टर बंद व्हायचे. बोलायच्या कानडी. मराठी सगळं समजायचं, बोलताही यायचं, पण ते त्यांनी रागवण्यासाठी राखून ठेवलं होतं. अक्कोरू मराठीत बोलायला लागल्या की काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

माझी रूम-पार्टनर अळणावरजवळच्या एका खेड्यातली. घरी शेती आणि म्हशी. ती इतिहासात एम.ए. करत होती. दिसायला लहानखुरी, पण आवाज असा की म्हशींना माळावरून हाक मारण्यात तो घडलाय हे लगेच कळायचं. तिला कुजबुजता येत नसे. या एका गोष्टीमुळं पुढचं सगळं झालं.

एका रविवारी सकाळी हुबळीहून एक डॉक्टरबाई हॉस्टेलात व्याख्यानाला आल्या. कोप्पीकर रोडवर त्यांचा दवाखाना होता. कॉमन रूममध्ये आम्हा सगळ्यांना सतरंज्यांवर बसवलं. अक्कोरू पुढच्या खुर्चीवर. फळ्यावर 'स्त्रियांचे आरोग्य' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. सगळ्यांची समजूत अशी की बाई लोह आणि पालेभाज्या यांवर बोलणार. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला आणि स्वच्छ आवाजात सुरुवात केली, "आज आपण स्तनांच्या कॅन्सरबद्दल बोलणार आहोत."

अक्कोरू तत्काळ उठल्या. "दूध उतू जातंय वाटतं," असं कानडीत म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडं गेल्या त्या चहा येईपर्यंत परतल्या नाहीत. बाकीच्या आम्ही सतरंजीवरच्या पट्ट्यांचा अभ्यास सुरू केला. डॉक्टरबाई सांगत होत्या, की बायका गाठ लपवून ठेवतात, दुखत नाही म्हणून गप्प बसतात, आणि येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाज सोडून दर महिन्याला स्वतःच स्वतःला तपासायला शिका. "आधी आरशासमोर उभं राहायचं," त्या म्हणाल्या. "आरसा आहे ना इथं?"

आरसा होता. बाथरूमबाहेरच्या बोळात, सगळ्या मजल्याला मिळून एक. मुली फार वेळ आरशात बघतात म्हणून अक्कोरूंनी तो इतका उंच टांगला होता की त्यात भांग आणि कपाळ एवढंच दिसे.

"आता काय टेबलावर चढायचं?" माझी पार्टनर कुजबुजली. म्हणजे तिच्या मते कुजबुजली. ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मला हसू फुटलं, तिला फुटलं, आणि ते दाबायला गेलो तसतसं जास्तच वाढलं. आम्ही दोघी पदरात तोंड खुपसून गदागदा हलत होतो आणि बाकीच्या मुली जणू आम्हाला ओळखत नव्हत्या.

व्याख्यान संपल्यावर "काही शंका?" या प्रश्नाला एकच हात वर आला. त्या मुलीनं विचारलं, चहा इथंच मिळणार की मेसमध्ये. डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला आणि बोट आमच्याकडं वळवलं. "त्या हसणाऱ्या दोघी, इकडं या."

वाटलं, आता यांची तक्रार अक्कोरूंकडं आणि अक्कोरूंचं पत्र अप्पांकडं. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही हसलात म्हणजे ऐकत तरी होतात. बाकीच्या पार सतरंजीत गेल्या होत्या. मी शंभर व्याख्यानं दिली तरी या पोरी मला काही विचारणार नाहीत. मैत्रिणीला विचारतील. तर मी तुम्हाला शिकवते, तुम्ही त्यांना शिकवा. येत्या रविवारपासून माझ्या दवाखान्यात यायचं."

"आम्हाला कसं जमणार?" मी म्हटलं.

"तू काय शिकतेस?"

"बॉटनी."

"मग पानाची जाळी मोजायला लाजत नाहीस ना? तसंच."

अक्कोरूंची परवानगी डॉक्टरबाईंनीच काढली. 'हेल्थ क्लास' एवढंच सांगितलं. अक्कोरूंनी खोलात विचारलं नाही, त्यांना खोलात जायचंच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंकडं परदेशातून कुणीतरी आणून दिलेला एक रबराचा नमुना होता. गुलाबी, थुलथुलीत, आणि आत कुठं कुठं गाठी लपवलेल्या. बोटांची टोकं रोवायची नाहीत, बोटं सपाट ठेवून हळू दाब देत गोल फिरवायची, बाहेरून आत येत जायचं, काख विसरायची नाही. पाळी झाल्यावर आठवड्याभरात बघायचं, कारण आधी सगळंच टणक लागतं आणि उगाच धास्ती बसते. कातडी कुठं ओढल्यासारखी दिसते का, खळगा पडलाय का, बोंडातून काही येतं का, ते बघायचं. आणि त्या पुनःपुन्हा बजावायच्या, "बहुतेक गाठी साध्या असतात. पण कुठली साधी ते तुम्ही ठरवायचं नाही. ते मी ठरवणार."

महिन्याभरात आमची बोटं तयार झाली. प्रश्न आला नमुन्याचा. रबराचा नमुना द्यायला डॉक्टरबाई तयार नव्हत्या. हा परत मिळणार नाही, तुम्ही तुमचा करा, म्हणाल्या.

कापडाच्या दुकानातली मुलगी म्हणून कापड माझ्याकडं आलं. रविवारी दुकानात गेले आणि अप्पांना म्हटलं, "मला थोडं पॉपलिन हवंय. स्किन कलर."

हा स्किन कलर म्हणजे एक फिकट गुलाबी रंग होता. आमच्या सगळ्या पंचक्रोशीत तसल्या कातडीचं माणूस मी पाहिलेलं नाही.

"किती देऊ?" अप्पांनी गज उचलला.

"वीतभर बास."

"वीतभरात काय होतंय? परकर नाही, पोलकं नाही."

"पिनकुशन करायचीय, अप्पा. कॉलेजात लागते."

"बॉटनीला?"

"फुलं टोचायला," मी म्हटलं. अप्पांनी कापड फाडून दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळून कौतुकानं सांगितलं, की आता शिक्षण फार पुढं गेलंय.

आत भरायला पार्टनरनं गावाकडून सावरीचा कापूस आणला. रेशमासारखा मऊ. त्यात आम्ही एक चिंचोका, एक हरभरा आणि एक मिरी अशा तीन गाठी वेगवेगळ्या खोलीवर दडवल्या. शिवण मी घातली. ती थोडी वाकडी आली, पण हाताला वस्तू झकास लागायची. पुढच्या रविवारी दुपारी मी ती घरी माडीवरच्या शिलाई मशीनवर ठेवून जेवायला गेले. तेवढ्यात घोळ झाला.

आमच्या घरात थोरल्या काकूंचं राज्य होतं. मी जेवून माडीवर आले तर काकू मशीनपुढं बसलेल्या आणि आमच्या नमुन्यात घरातल्या झाडून सगळ्या सुया टोचून ठेवलेल्या.

"बरं झालं हे केलंस ते," त्या म्हणाल्या. "पण हात कच्चा आहे गं तुझा. इथं सुई आतच जाईना. ह्यात गाठ राहिलीय बघ."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, ती गाठ मुद्दाम ठेवलीय."

"मुद्दाम? पिनकुशनीत कुणी मुद्दाम गाठ ठेवतं होय?"

मग सांगणं भागच होतं. मी सांगत गेले आणि काकू ऐकत गेल्या. त्यांनी एकदा हातातल्या वस्तूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. नंतर एकेक सुई अलगद बाहेर काढली, बोटानं ती जागा चोळली आणि म्हणाल्या, "अगं बाई. दुखलं असेल की."

त्या उठल्या, जिन्याशी जाऊन घरातल्या सगळ्या बायकांना हाका मारल्या, सगळ्या आल्यावर दाराला आतून कडी घातली आणि मला म्हणाल्या, "हं. सांग आता पहिल्यापासून."

हा माझा पहिला वर्ग. माझी आई, दोन काकू, वहिनी, शेजारच्या दुकानदाराची बायको, सगळ्या पापड लाटायला बसतात तशा गोल बसल्या. नमुना हातोहात फिरला. चिंचोका सगळ्यांना सापडला, हरभरा बऱ्याच जणींना, मिरीवरून वाद झाला. शेजारच्या काकी म्हणाल्या, "माझ्या नणंदेला असंच होतं. आम्ही नुसतं लेप लावत बसलो." थोरल्या काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला डोळ्यांनी खुणावलं, पुढं सांग.

इतक्यात अप्पांनी दार वाजवलं. "चहाचं काय झालं? सगळ्या बायका गेल्या कुठं?"

"हळदीकुंकू चाललंय!" आतून काकू ओरडल्या.

"आषाढात?"

"होय की, आषाढातलं!" अप्पा खाली गेले. त्या दिवशी त्यांनी हॉटेलातून चहा मागवला.

घरात जमलं ते हॉस्टेलात जमेल अशी माझी समजूत होती. तिथं पहिली अडचण शब्दाची. आमच्या खोलीत आठ-दहा मुली दाटीवाटीनं बसलेल्या, निम्म्या कानडी, निम्म्या मराठी, आणि मला वाक्य सुरू करता येईना. स्तन म्हटलं की संस्कृतचा तास वाटे. छाती म्हटलं की पैलवान डोळ्यांपुढं येई. कानडीत एदे म्हणावं तर त्यात काळीजही येतं, आणि दुसरा शब्द मोठ्यानं उच्चारायची कुणाची छाती नव्हती. हे मी म्हटलं तर सगळ्या परत हसायला लागल्या. इंग्रजी शब्द घ्यावा तर मेसमधल्या ब्रेडची आठवण करून देणारा.

"आमच्यात म्हशीच्याला सड म्हणत्यात," पार्टनर म्हणाली. "तिला गाठ आली तर लगेच दाबून बघतो, डॉक्टर आणतो. स्वतःची वेळ आली की शब्द मिळंना व्हय?"

त्यावर हसून हसून एक मुलगी खाटेवरून पडली, आणि मग सगळं सोपं झालं. नमुना फिरला, शंका निघाल्या. डॉक्टरबाईंना एकही न विचारणाऱ्या या मुलींनी आम्हाला भंडावून सोडलं. घट्ट पोलक्यानं होतं का, परीक्षेच्या काळजीनं होतं का, एकीला झालं तर बहिणीला होतंच का. जे येत नव्हतं ते आम्ही लक्षात ठेवून रविवारी डॉक्टरबाईंना विचारून यायचो.

दर महिन्याच्या तपासणीची एकमेकींना आठवण करून द्यायची असं ठरलं. पण बोळात, मेसमध्ये, अक्कोरूंसमोर काय म्हणून आठवण करून द्यायची? कुणीतरी सुचवलं, रिव्हिजन. झालं. दात घासताना, रांगेत बादली धरून उभं असताना, मुली एकमेकींना विचारू लागल्या, "काय गं, रिव्हिजन झाली?" "नाही, उद्या बाथरूममध्ये करते." "नीट कर हं, कोपरे सोडू नकोस."

हे अक्कोरूंच्या कानावर जायला वेळ लागला नाही. आणि त्या चक्क खूश झाल्या. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मुली ऐन सत्राच्या मध्यावर, तेही बाथरूममध्ये, उजळणी करतायत हे पहिल्यांदाच घडत होतं. मेसमध्ये त्यांनी कानडीत छोटंसं भाषणच केलं. या वर्षीच्या मुली फार अभ्यासू आहेत, मला अभिमान वाटतो, वगैरे. आम्ही ताटात बघत होतो. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "बाथरूममध्ये ओल असते, वह्या खराब होतात," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी रीडिंग हॉलमध्ये जमायचं. तिथं रिव्हिजन करायची. मी स्वतः बसणार."

रविवारी आम्ही सगळ्या रीडिंग हॉलमध्ये. अक्कोरू टेबलामागं, समोर किल्ल्यांचा जुडगा. "हं, करा सुरू."

कुणी हलेना. "वह्या कुठायत?" कुणाकडं वही नव्हती. अक्कोरूंचा आवाज चढला आणि भाषा बदलली. मराठी आलं. "काय चाललंय हे? बाथरूममध्ये करता येते, इथं करता येत नाही?"

पुढच्या बाकावर बेळगावकडची एक मुलगी बसली होती. स्वभावानं फार सरळ, तिला खोटं बोलता यायचं नाही. ती उभी राहिली आणि कळवळून म्हणाली, "अक्कोरू, ती पाळी झाल्यावरच करायची असते."

"पाळी कसली?" अक्कोरू गरजल्या. "एकेकीची पाळी बघत बसायला मला वेळ नाही. सगळ्यांनी एकदम करायची!"

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याला हसणं हा शब्द पुरत नाही. मुली बाकांखाली गेल्या. अक्कोरू आधी चिडल्या, मग गोंधळल्या, आणि शेवटी त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी उठले आणि सांगून टाकलं. हेल्थ क्लास काय आहे, रिव्हिजन काय आहे, सगळं. त्यांचा चेहरा कपाळापासून खाली हळूहळू लाल होत गेला. सरळ आमच्या खोलीत आल्या, नमुना उचलला, पदराखाली झाकला आणि म्हणाल्या, "ही उशी माझ्याकडं राहील. हे वर्ग बंद."

वर्ग बंद झाले. मुली मात्र एकमेकींना विचारायच्या थांबल्या नाहीत. आता फक्त 'रिव्हिजन' न म्हणता भुवया उडवायच्या.

महिना-दीड महिना गेला असेल. एका दुपारी मेसमधून परत येताना अक्कोरूंनी मला खोलीत बोलावलं. त्यांनी दार लोटलं. टेबलावर पांढऱ्या टॉवेलवर आमचा नमुना ठेवलेला. मी बघितलं तर त्याची शिवण उसवून नव्यानं घातलेली, बारीक, सरळ टाक्यांची.

"तुझा टाका फार वाकडा होता," त्या कानडीत म्हणाल्या. "बघवेना."

"हो, अक्कोरू."

"ह्यात तीन दाणे आहेत. चिंचोका लगेच सापडला. मिरीला चार दिवस लागले."

त्या खिडकीकडं बघत होत्या. आवाज तोच, हजेरी घ्यायचा. "माझं हरभऱ्यासारखं आहे. डावीकडं, काखेच्या बाजूला. सरकत नाही."

इतके दिवस आम्ही हसत होतो, शिकवत होतो, पण गाठ कुणालातरी खरीच सापडेल हे माझ्या मनाला शिवलंच नव्हतं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "बहुतेक गाठी साध्या असतात, अक्कोरू."

"माहीत आहे. कुठली साधी ते आपण ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या. रीडिंग हॉलमध्ये मी सगळं सांगून टाकलं त्यात हे वाक्यही आलं होतं. "तुझ्या त्या डॉक्टरबाई कधी भेटतात?"

दुसऱ्या दिवशी त्या, मी आणि पार्टनर हुबळीच्या बसमध्ये बसलो. ऑफिसात त्यांनी सांगितलं होतं, हॉस्टेलच्या पडद्यांचं कापड आणायला जाते. बसभर त्या ताठ बसून होत्या. कंडक्टरला सुट्ट्यांवरून त्यांनी नेहमीसारखं सुनावलं, तेव्हा आम्हाला जरा बरं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "गाठ कधी लक्षात आली?"

"जप्त केलेल्या वस्तूची तपासणी करत होते, त्यानंतर," अक्कोरू म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी आमच्याकडं पाहिलं. पार्टनर हसेल या भीतीनं मी तिला चिमटा काढला, पण ती हसत नव्हती, नाक पुसत होती. आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं तेव्हा आतलं बोलणं ऐकू आलं.

"गाठ काढून तपासायला पाहिजे, आणि मला ती बरी वाटत नाही. या आठवड्यातच इस्पितळात दाखल व्हा."

"परीक्षा झाल्यावर येते."

"कुणाची परीक्षा?"

"मुलींची."

"त्यांची त्या देतील हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही या आठवड्यात यायचं."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "अक्कोरू, घरी जाऊन चहा घेऊ."

"आधी पडदे," त्या म्हणाल्या. "मी ऑफिसात पडदे सांगितलंय. खोटं बोलणार नाही."

तेव्हा आम्ही दुर्गदबैलात अप्पांच्या दुकानात. अप्पा त्यांना बघून गादीवरून उठूनच उभे राहिले. ठाणांमागून ठाणं उलगडली. एरवी कापडाचा काठ डोळ्याजवळ नेऊन सूत मोजणारी ही बाई, त्या दिवशी कशाकडं बघतच नव्हती. "हे चालेल का?" "चालेल." "का हे?" "तेही चालेल." शेवटी अप्पांनी, बरेच दिवस पडून असलेलं एक केशरी कापड सहज म्हणून पुढं केलं. त्यावर हिरवे पोपट होते, प्रत्येकाच्या चोचीत डाळिंब. "हेच द्या," अक्कोरू म्हणाल्या. अप्पांना विश्वास बसेना. पुढं कितीतरी वर्षं लेडीज हॉस्टेलच्या खिडक्यांवर पोपट होते, आणि नव्या मुलींना वाटे की रेक्टरबाई मनातून फार रंगेल असणार.

माडीवर चहा घेताना काकूंनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कुणी काही न सांगता सगळं ओळखलं. "तुमचं माणूस कोण आहे जवळ?" त्यांनी कानडीत विचारलं.

"बहीण शिरसीला. तिला चालवत नाही."

"मग डबा इथनं येईल," काकू म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

गाठ कॅन्सरचीच निघाली. पण लहान होती, काखेत पसरली नव्हती. त्या काळी एकच इलाज, डावी बाजू सगळी काढली. आम्ही मुली आळीपाळीनं जाऊन बसायचो. पहिले दोन दिवस त्या भिंतीकडं तोंड करून निजून होत्या, कुणाशी बोलल्या नाहीत. पार्टनर त्यांच्या उशाशी बसून आपल्या म्हशींची नावं, त्यांचे स्वभाव, कुठली दूध देताना लाथ मारते, हे सगळं सांगत बसायची. तिच्या त्या कुजबुजीमुळं वॉर्डातल्या सगळ्या बायकांना म्हशी पाठ झाल्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी डबा उघडला. अक्कोरूंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "सारात मीठ जास्त झालंय."

"तुमची जीभ औषधानं बिघडलीय," काकू म्हणाल्या.

"जीभ नाही कापलेली माझी."

"मग गिळा."

शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली. पण मी अक्कोरूंचा चेहरा पाहत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना भांडायला कुणीतरी तोलाचं मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी मीठ कमी घातलं, आणि अक्कोरूंनी वॉर्डातल्या चपला दाराबाहेर ओळीनं लावून घ्यायला सुरुवात केली.

नंतर रेडिएशनचे, विजेचे शेक झाले, ते त्यांना फार जड गेले. पण त्या परत आल्या. परतल्यावर एक दिवस आम्हा दोघींना बोलावून, दार लावून, त्यांनी टॉवेलवरचा नमुना पुढं केला. "तुम्हाला शिवता येतं. असंच एक माझ्या मापाचं करा. पोलकं एका बाजूला बसत नाही." मग जरा थांबून, "दाणे घालू नका."

आम्ही केलं. पण सावरीचा कापूस इतका हलका, की पोलकं चालताना वर सरकायचं. वजन हवं होतं. पार्टनरनं तोड काढली. आत छोट्या पुरचुंडीत राळे भरले, पाखरांना टाकतात ते बारीक धान्य. वजन नेमकं जमलं. टाके मात्र अक्कोरूंनी स्वतः घातले, आमच्यावर सोडलं नाही. पावसाळ्यात एकदा त्यात किडे झाले. त्यांनी हे काकूंना सांगितलं, आणि काकूंनी गंभीरपणे सल्ला दिला, "कडुनिंबाचा पाला घाला. आम्ही तांदळात घालतो."

पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या तेव्हा बोळात जमिनीपासून वरपर्यंत उभा आरसा लागला होता. अक्कोरूंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि आम्हा दोघींना पुढं उभं केलं. त्या स्वतः या वेळी दूध बघायला गेल्या नाहीत. एका मुलीनं मान खाली घातली तशा मराठीत ओरडल्या, "सतरंजीवर काय लिहिलंय? वर बघ!" वर्ग पुढं आमच्यानंतरही चालू राहिला. एका वर्षाच्या मुली पुढच्या वर्षीच्या मुलींना शिकवायच्या.

मी कॉलेजात शिकवायला लागले, पार्टनर अळणावरच्या शाळेत. अक्कोरू निवृत्त होऊन शिरसीला बहिणीकडं गेल्या आणि चांगल्या धडधाकट राहिल्या. वर्षातून एकदा मात्र आठ दिवस आमच्या घरी. त्या आल्या की माडीवर त्यांचं आणि थोरल्या काकूंचं दिवसभर चालायचं. मराठीत सुरू होऊन कानडीत शिरायचं आणि शेवटी कुठल्याच भाषेत नसायचं.

एका वर्षी दोघींनी गोकर्णला जायचं ठरवलं. दोघींनाही त्याआधी एकटीनं कुठं जाऊ दिलेलं नव्हतं, काकूंना घरानं आणि अक्कोरूंना नोकरीनं. परत आल्या त्या बसमधून वेगवेगळ्या दारांनी उतरल्या. बोलत नव्हत्या. आठवडाभरानं काकूंनी मला कारण सांगितलं. देवदर्शन झाल्यावर दोघी समुद्रावर गेल्या. अक्कोरूंनी निऱ्या वर खोचल्या आणि गुडघाभर पाण्यात शिरल्या. काकू घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून हाका मारत होत्या, एवढं आत जाऊ नका, लाट ओढून नेईल. अक्कोरू मागं वळल्या आणि म्हणाल्या, "मला काय नेतेय ती! घोट्यापर्यंत भिजायला एवढ्या लांब कशाला आलात? घरी बादली होती की."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय," काकू म्हणाल्या, "मीपण गेले गुडघ्यापर्यंत. नवं लुगडं मिठानं पार खराब झालं."